जुन्या मोअरच्या इंजिनचा बॅकअप जनरेटर: अल्टरनेटर लावायचा, एसी हेड बसवायचं की सरळ तयार घ्यायचा?

गवत कापायचं जुनं मशीन म्हणजे मोअर पडून आहे, खालचा डेक गंजून गेलाय पण इंजिन अजून दोरी ओढली की चालू होतं, मग त्याचा जनरेटर का करू नये, असा विचार येणं साहजिक आहे. होतोसुद्धा. पण इंजिन फुकट मिळालं म्हणून जनरेटर फुकटात पडत नाही, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो, कारण खरा खर्च इंजिनाला जे जोडायचं त्याचा असतो. म्हणून लाईट गेल्यावर नक्की काय चालवायचंय ते आधी कागदावर वॅटमध्ये लिहून काढा, अर्धा निर्णय तिथेच होतो.

रस्ते तीन आहेत. एक, गाडीचा अल्टरनेटर पट्ट्यावर फिरवून 12 व्होल्टची बॅटरी चार्ज करायची आणि पुढे इन्व्हर्टर लावायचा. दुसरा, एसी जनरेटर हेड, म्हणजे जनरेटरचा इंजिनाशिवायचा वीज तयार करणारा भाग, जोडून डायरेक्ट घरच्या व्होल्टेजची वीज काढायची. तिसरा म्हणजे हे सगळं सोडून तयार इन्व्हर्टर जनरेटर घ्यायचा. इंडक्शन मोटरला कपॅसिटर लावून जनरेटर करणारेही आहेत, पण लोड बदलला की त्याचं व्होल्टेज इतकं नाचतं की घरासाठी मी ते धरतच नाही.

आधी इंजिनाचं बघू. ढकलत न्यायच्या मोअरचं इंजिन बहुतेक वेळा उभ्या शाफ्टचं असतं, शाफ्ट खाली जमिनीकडे, आणि बाजारातले बरेचसे जनरेटर हेड आडव्या शाफ्टसाठी बनवलेले. इथेच दुसरा रस्ता अवघड होतो. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते, ती म्हणजे बऱ्याच मोअरमध्ये फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती एकसारखी ठेवणारं चाक, हलकं अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि खालचं पातंच फ्लायव्हीलचं अर्धं काम करत असतं. पातं काढून नुसती छोटी पुली लावली की इंजिन चालू करताना दोरी उलट झटका देते, हात दुखावतो, कधीकधी फ्लायव्हील शाफ्टवर जागच्या जागी धरणारी छोटी पट्टी (key) कापली जाते आणि ठिणगी पडण्याचं टायमिंग सरकतं, मग माणूस कार्ब्युरेटर साफ करत बसतो आणि दुखणं भलतीकडेच असतं. त्यामुळे पातं काढलं तर जड लोखंडी पुली हवीच, हे दोन्ही जुगाडांना लागू.

अल्टरनेटरवाला रस्ता मला मोअरच्या इंजिनाला सगळ्यात शोभणारा वाटतो, कारण त्याला आरपीएमचं, म्हणजे मिनिटाला किती फेरे होतात त्याचं, काही पडलेलं नसतं. इंजिन 2800 वर फिरतंय की 3100 वर, रेग्युलेटर व्होल्टेज 14 च्या आसपास धरून ठेवतो. अल्टरनेटरला चांगला करंट द्यायला साधारण 5000 ते 6000 आरपीएम लागतात, म्हणजे इंजिनाची पुली अल्टरनेटरच्या पुलीच्या दुप्पट व्यासाची घेतली की काम भागतं. हिशोब असा: 60 अँपियर गुणिले 14 व्होल्ट म्हणजे 840 वॅट, अल्टरनेटरची कार्यक्षमता 55 टक्के धरली तर इंजिनाला सुमारे 1500 वॅट द्यावे लागतात, म्हणजे 2 एचपी, आणि ते जुनं 4-5 एचपीचं इंजिन आरामात देतं. फक्त लेबलवर 90 अँपियर लिहिलंय म्हणून तासन्‌तास 90 काढू नका, गरम झाला की तो तेवढा देत नाही, दोन-तृतीयांश धरून चला.

बसवताना दिशा बघा. मोअरचं इंजिन खालून शाफ्टकडे बघितलं तर बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट फिरतं, आणि अल्टरनेटर पुलीकडून बघितला तर घड्याळाच्या दिशेनं. उलटा फिरवला तरी करंट येतोच, पण फॅनची पाती तिरकी असली तर हवा नीट खेचली जात नाही आणि तो तापतो. इंजिन ज्या प्लेटवर बसवलंय तिच्याखाली अल्टरनेटर पुली वरच्या बाजूला ठेवून टांगला की दिशा आपोआप जुळते. एक्सायटेशनच्या वायरवर, म्हणजे अल्टरनेटरला वीज बनवायला चालू करणाऱ्या वायरवर, स्विच ठेवला तर बऱ्याच अल्टरनेटरमध्ये इंजिन आधी गरम करून मग लोड टाकता येतो, आणि चालू असताना बॅटरीची वायर कधीच काढायची नाही, व्होल्टेज उसळून डायोड जातात. लिथियम बॅटरी असेल तर ती अल्टरनेटरकडून पूर्ण ताकदीनं करंट ओढत राहते आणि तो जळू शकतो, मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर घाला. बॅटरीच्या टर्मिनलजवळ फ्यूज आणि जाड केबल हवीच, कारण 500 वॅटच्या लोडला 12 व्होल्टवर 45-50 अँपियर वाहतात.

यातला मोठा फायदा म्हणजे इंजिन सतत चालवावं लागत नाही. 100 अँपियर-तासाच्या लेड बॅटरीतली निम्मी वीज वापरली तरी 600 वॅट-तास मिळतात, म्हणजे दिवे, राउटर, लॅपटॉप, पंखा असा 200 वॅटचा लोड अडीच-पावणेतीन तास शांततेत. लेड बॅटरीचा शेवटचा 20 टक्के चार्ज मात्र फार हळू भरतो, तेवढ्यासाठी पेट्रोल जाळत बसण्यात अर्थ नाही.

आता एसी हेड. इथे फ्रिक्वेन्सी थेट आरपीएमला बांधलेली असते, दोन पोलच्या हेडला 50 हर्ट्झसाठी बरोबर 3000 आणि 60 साठी 3600. मोअरचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, त्यातून पंख्याच्या हवेवर हलणारी पट्टी असेल तर, लोड आला की ढिला पडतो, 3000 चे 2700 झाले की तुम्हाला 45 हर्ट्झ मिळाले. बल्बला फरक पडत नाही पण मोटरवाल्या गोष्टी तापतात. साधारण 1 किलोवॅटला 2 एचपी लागतात, म्हणजे 5 एचपीच्या म्हाताऱ्या इंजिनाकडून कायमचे 2 किलोवॅट मागणं जास्तीच झालं, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण चालू वॅटच्या कितीतरी पट मागतो ते वेगळंच. आडव्या शाफ्टचं इंजिन हातात असेल, गव्हर्नर मेकॅनिकल असेल आणि पंपासारखा एकच मोठा लोड असेल तरच याच्या वाटेला जा.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र एसी हेड जिंकतं. एका लिटरमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते, असलं इंजिन त्यातली 20 टक्के शाफ्टवर देतं, हेडमधून गेल्यावर साधारण 1.4 युनिट हातात येतात, आणि अल्टरनेटर, बॅटरी, इन्व्हर्टर अशा रांगेतून गेल्यावर 0.8 च्या आसपास. तयार इन्व्हर्टर जनरेटर लोड कमी असला की इंजिनाचा वेगच कमी करतो, त्यामुळे हलक्या लोडवर तो दोघांपेक्षा काटकसरी आणि शांत. मोअर शेजारी उभ्या माणसाला 90 डेसिबलच्या आसपास ऐकू येतो, रात्री शेजाऱ्यांचे संबंध बिघडवायला तेवढं पुरे. फ्रिज, मेडिकल उपकरण असं काही असेल तर मी तरी तयारच घ्या म्हणेन.

घरगुती असो की तयार, धूर सारखाच मारतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, गॅरेजचं दार उघडं ठेवून भागत नाही, खिडक्या-दारांपासून निदान 6 मीटर लांब, उघड्यावरच. आणि एसी घराच्या वायरिंगला द्यायचा तर ट्रान्सफर स्विच, म्हणजे घर एकतर बाहेरच्या लाईनला नाहीतर जनरेटरलाच जोडणारा स्विच, इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसली तर वीज उलटी बाहेरच्या लाईनमध्ये जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव जाऊ शकतो. मोअरची टाकी लिटरभराची, ती सारखी भरावी लागते, तेव्हा गरम इंजिनावर पेट्रोल ओतायचं नाही.

तरीही ठरत नसेल तर अल्टरनेटरचा जुगाड करून बघा. उद्या इंजिननं मान टाकली तरी बॅटरी आणि इन्व्हर्टर तुमच्याकडेच राहतात, चार्जर बदलला की तोच सेट सोलर पॅनेलवर किंवा तयार जनरेटरवर चालतो, हेड मात्र दुसरं जुळणारं इंजिन मिळेपर्यंत कोपऱ्यात पडून राहतं.