इंडीकारचा २०२४ चा सीझन: सहा महिने पूर्ण वापरून झाल्यावर लिहितोय

आधीच सांगतो, मी फॉर्म्युला वनवाला माणूस. पुण्यात असताना रविवारी दुपारची झोप मोडून शूमाकर बघायचो आणि इंडीकार (अमेरिकेतली रेसिंगची सीरिज) म्हणजे गोल गोल फिरणाऱ्या गाड्या, त्यात बघायचं काय, असं कुणालाही ठणकावून सांगायचो, एकही रेस न बघता. मग कामानिमित्त कोलंबसला आलो. ओहायोतलं मोठं कोलंबस नाही, इंडियानातलं छोटं, जिथे डिझेल इंजिनांच्या कृपेने पुण्याहून आलेली बरीच मराठी घरं आहेत. इथून इंडियानापोलिसचा ट्रॅक तासाभरावर. तरी चार वर्षं गेलो नाही. या वर्षी ठरवलं की एक सीझन पहिल्यापासून शेवटपर्यंत वापरून बघायचा, १० मार्च ते १५ सप्टेंबर, १७ च्या १७ रेस, त्यातल्या तीन प्रत्यक्ष जाऊन. मित्र विचारतात घ्यावा का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

तर पहिलाच पीस डिफेक्टिव्ह निघाला. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गची पहिली रेस जोसेफ न्यूगार्डनने पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढून सुरू करून, आरामात जिंकली, मी घरी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं, आणि दीड महिन्याने, २४ एप्रिलला, बातमी आली की तो डिस्क्वालिफाय. भानगड अशी की गाडीत पुश टू पास नावाचं बटण असतं, दाबलं की थोडा वेळ जास्तीची पॉवर मिळते, पण स्टार्ट आणि रीस्टार्टला ते बंद असलं पाहिजे. पेन्स्के टीमच्या तिन्ही गाड्यांत ते चालूच राहिलेलं, हायब्रिडच्या टेस्टिंगचं सॉफ्टवेअर काढायचं राहून गेलं म्हणे, आणि न्यूगार्डनने ते तीन वेळा वापरलं. सापडलं कसं तर लाँग बीचच्या वॉर्मअपला सिस्टिममध्ये बिघाड होऊन सगळ्यांचं बटण बंद पडलं आणि यांचंच तेवढं चालू! चोरी पकडायला लाइट जावी लागली, त्यातला प्रकार. न्यूगार्डन आणि तिसरा आलेला मॅक्लॉफ्लिन दोघेही बाद, विल पॉवरने (हे त्याचं खरं नाव आहे, मलाही आधी विश्वास बसला नव्हता) बटणाचा गैरवापर केला नव्हता तरी त्याचे १० पॉइंट कापले, आणि पहिला नंबर पातो ओ'वॉर्डला. आता गंमत बघा, सीरिज रॉजर पेन्स्केंची, इंडियानापोलिसचा ट्रॅक त्यांचा आणि पकडली गेलेली टीमही त्यांचीच. स्वतःच्याच टीमला शिक्षा झाली हे चांगलंच, पण मंडळाचा अध्यक्ष, मैदानाचा मालक आणि एका टीमचा मालक एकच माणूस असला तर आपल्याकडे काय काय बोललं गेलं असतं ते सांगायला नको.

एप्रिलपर्यंत मी परत एफ वनकडे वळायच्या बेतात होतो खरंतर. बार्बरच्या रेसला तर पुलाला शोभेसाठी लटकवलेला पुतळा खाली ट्रॅकवर पडला आणि त्यासाठी पिवळा झेंडा (सगळ्यांनी हळू चला, ओव्हरटेक बंद) काढला, म्हटलं ही सर्कस आहे का काय. पण मे महिन्यात सासू-सासरे आले आणि सगळंच बदललं.

सासरे पिंपरीला कारखान्यात आयुष्य काढून रिटायर झालेले, मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय सांगणारा माणूस. त्यांना घेऊन इंडी ५०० ला, म्हणजे इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या रेसला, गेलो. तिकिटं काढताना मी शहाणपणा केला, अगदी खालच्या ओळीतली घेतली, जवळून दिसेल म्हणून. ही चूक करू नका. खालून फक्त जाळी दिसते आणि जाळीमागून ताशी २२० मैलांनी काहीतरी रंगीत जातं, कोण गेलं ते कळेपर्यंत पुढचे चार गेलेले असतात. जितकं वर तितकं चांगलं, नाटकाच्या उलट. बाकी इथे घरचं खायला नेता येतं हे मात्र मस्त, छोटा कूलर, त्यात धपाटे, दही, चिवडा, सगळं गेटमधून आत गेलं. फक्त काच चालत नाही, त्यामुळे सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेली लोणच्याची बरणी गेटवर अडली, आणि मी गाडीत ठेवून येतो म्हणालो तर गाडी दोन मैलांवर. शेवटी तिथेच कागदी प्लेटवर लोणचं काढून घेतलं आणि बरणी टाकली. सासूबाई अजून बोलून दाखवतात.

आणि मग पाऊस. पावणेएकला सुरू होणारी रेस पावणेपाचला सुरू झाली. विजा चमकताहेत म्हणून स्टँड रिकामा करायला लावला, आम्ही स्टँडखाली काँक्रीटच्या बोळात हजारो लोकांबरोबर चार तास उभे. सासऱ्यांना म्हटलं बाबा, जायचं का घरी, तर म्हणाले, "अहो, एवढी माणसं थांबलीत म्हणजे काहीतरी असेलच की." तेवढ्या वेळात मी त्यांना आमच्या गावाची गोष्ट सांगितली, की १९३१ साली इथल्याच कमिन्स कंपनीची डिझेल गाडी याच ट्रॅकवर ५०० मैल एकदाही न थांबता धावली होती, आणि १९५२ ला तर डिझेल गाडी पोलवर होती. त्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "अ‍ॅव्हरेज काय दिलं?"

रेस सुरू झाली आणि पहिल्याच लॅपला धडाधड गाड्या आपटल्या. पण मला आठवतो तो आवाज. टीव्हीवर तो कधीच येत नाही. ३३ गाड्या समोरून पहिल्यांदा फुल स्पीडने गेल्या तेव्हा बाबांनी कानातले प्लग काढले, एक फेरी तसंच ऐकलं आणि परत घातले. खालच्या ओळीत असल्याने टायरचे रबराचे काळे कण उडून येत होते, चिवड्यात निवडून काढायला लागले. पुढचे दोन तास डिक्सन, रॉसी, मॅक्लॉफ्लिन, न्यूगार्डन, ओ'वॉर्ड असा पाठशिवणीचा खेळ, कारण ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, पुढच्या गाडीच्या मागे हवेच्या पोकळीत इंधन वाचतं, म्हणून पुढे राहणं तोट्याचं, पण शेवटी पुढे तर राहायला हवं. शेवटच्या लॅपला पातो पुढे गेला, अख्खा स्टँड उभा, आणि तिसऱ्या वळणावर न्यूगार्डनने बाहेरून घेतलं त्याला. ०.३४१७ सेकंदांनी. एप्रिलमध्ये बाद झालेला माणूस मे महिन्यात सलग दुसऱ्यांदा ५०० जिंकतो, २००२ नंतर पहिल्यांदाच कुणीतरी सलग दोनदा जिंकलं, आणि गाडी थांबवून थेट पब्लिकमध्ये घुसतो. पातो हेल्मेट घालून गाडीतच बसून होता बराच वेळ. आमच्या पोराने त्याच दिवशी ठरवलं की आपण पातोचे. पातो म्हणजे स्पॅनिशमध्ये बदक, हे कळल्यावर तर पक्कंच.

इथपर्यंत वाचून वाटेल की पाचपैकी पाच. थांबा.

पुढची रेस डेट्रॉइट. जवळपास अर्धी रेस पिवळ्या झेंड्याखाली, गाड्या आपटतायत, सेफ्टी कारमागे फिरतायत, परत सुरू, परत आपटतायत. डिक्सन जिंकला, कारण ४३ वर्षांचा हा बाबाजी इंधन वाचवण्यात पीएचडी आहे, लाँग बीचलाही त्याने तेच केलं होतं. मला हे आवडायला लागलं हे माझं मलाच आश्चर्य. इंडीकारच्या अ‍ॅपवर ड्रायव्हरचा रेडिओ ऐकता येतो, त्यात इंजिनिअर सतत आकडा सांगत असतो, एवढं इंधन वाचव, आता एवढं, आणि तो माणूस १८० मैलांच्या स्पीडला आपल्या आईसारखा गॅस बारीक करत असतो. रेडिओ न ऐकता बघाल तर निम्मी रेस समजणारच नाही, हे लिहून ठेवा.

हायब्रिड. यावर मी इंजिनवाला म्हणून बोलणार, कंटाळा आला तर पुढे जा. सीझनच्या मध्यावर, ७ जुलैला मिड-ओहायोला, सगळ्या गाड्यांत हायब्रिड युनिट आलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या बेलहाऊसिंगच्या जागेत मोटर आणि सुपरकपॅसिटर बसवलंय, बॅटरी नाही, ब्रेकला चार्ज होतं आणि साधारण ६० हॉर्सपॉवर थोडा वेळ देतं. एवढ्या जागेत बसवलं याला माझा सलाम. पण गाडीचा सांगाडा २०१२ चा! जुन्या घरावर नवा मजला चढवल्यासारखं, वजन वाढलं, टायरवर ताण वाढला आणि ओव्हरटेकिंग काही वाढलं नाही. आयोवाला तर नव्या डांबराच्या पट्ट्यामुळे आधीच एकच लाइन चालत होती, त्यात हे. दोन रेस, दोन्ही मिरवणुका. शेवटी स्टिंग रे रॉबची गाडी (हेही खरं नाव) हवेत उडून उलटी पडली तेव्हा जीव वर आला, पण पोरगा धडधाकट बाहेर आला. ड्रायव्हरच्या डोक्याला जपणारा तो एअरोस्क्रीन दिसायला शोकेसच्या काचेसारखा आहे, मी त्याला नावं ठेवायचो, आता नाही ठेवत.

मिड-ओहायोला आम्ही प्रत्यक्ष होतो. सीझनमधला सगळ्यात पैसा वसूल दिवस. गवताच्या उतारावर खुर्च्या टाकायच्या, पोरं घसरगुंड्या खेळतायत, आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे टीम गाड्या तयार करतात तिथे, तर थेट शिरता येतं. एफ वनला लांबून दुर्बिणीने बघायचं तिथे इथे दोन हातांवर एक मेकॅनिक मांडी घालून बसलाय, वापरलेल्या लाल पट्टीच्या टायरला गरम हवा मारून पत्र्याने चिकटलेलं रबर खरवडतोय, अगदी डोशाचा तवा साफ केल्यासारखं, आणि पोराने विचारलं तर हात न थांबवता समजावून सांगतोय की खाली खरी झीज किती ते बघायचंय. त्या रेसला सुरुवात व्हायच्या आधीच डिक्सनची गाडी हायब्रिडने बंद पाडली, मग शेवटच्या पिटला (टायर आणि इंधनासाठीच्या थांब्याला) अ‍ॅलेक्स पालो क्षणभर अडखळला आणि आमचं बदक अर्ध्या सेकंदाने जिंकलं. घसा बसला.

आता या पालोबद्दल. हा या सीझनचा चॅम्पियन, चार वर्षांतला तिसरा किताब, आणि मी सहा महिने बघून सांगतो की तो जिंकताना दिसतच नाही. पॉवर, मॅक्लॉफ्लिन आणि ओ'वॉर्डने तीन-तीन रेस जिंकल्या, याने दोन. (थर्मलला एक जिंकला, पण ती पॉइंट नसलेली, खाजगी क्लबातली नुसती पैशांची रेस. मागचे लोक टायर वाचवायला मुद्दाम हळू चालवत होते, ती बघूच नका.) पण हा तिसरा, पाचवा, चौथा, परत दुसरा. बाबा इथे असेपर्यंत म्हणायचे, हा एकेरी-दुहेरी धावा काढतो. पुण्याला परत गेल्यावरही दर सोमवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा एकच प्रश्न, "पालव कितवा?"

तक्रारी आहेतच. ऐन रंगात येताना ऑलिम्पिकसाठी जवळपास चार आठवडे सुट्टी, मालिका चालू असताना मधेच कलाकार गावाला गेल्यासारखं. टोरंटोची रेस टीव्हीवर नाहीच, पैसे भरायच्या अ‍ॅपवर, आणि माझ्या घरी ते अ‍ॅप नेमकं शेवटच्या टप्प्यात गोल गोल फिरत बसलं, गाड्यांपेक्षा जास्त. जाहिरातींचं तर बोलूच नका. आणि इंडियानापोलिसच्या आसपास राहणाऱ्यांना ५०० लाइव्ह सहसा दाखवत नाहीत, स्टँड भरावा म्हणून! यंदा पावसामुळे सूट दिली, म्हणजे आम्ही बोळात भिजत असताना आमचे शेजारी सोफ्यावर बसून बघत होते.

पण शेवट. मिलवॉकीचा जुना ओव्हल २०१५ नंतर परत आला, तिथे दुसऱ्या रेसला सुरुवातीलाच पालोची गाडी बंद. ढकलत नेली. तो लॅपमागून लॅप मागे पडतोय आणि पॉवरला आयती संधी, हा किताब उचलणार असं वाटत असतानाच रीस्टार्टला पॉवर स्वतःच गरकन फिरला. मी टीव्हीसमोर डोक्याला हात लावला. पालो तेवढ्यात गाडी दुरुस्त करून परत आला आणि उरलेल्या फेऱ्या मारून १९ वा, का तर दोन-चार पॉइंट.

१५ सप्टेंबरला आम्ही नॅशव्हिलला. जाताना घड्याळात एक तास फुकट मिळतो, येताना परत काढून घेतात. काँक्रीटचा ओव्हल, उन्हात तापलेला, यावेळी वरच्या ओळीत बसलो. पालो ३३ पॉइंटने पुढे पण इंजिनच्या पेनल्टीमुळे २४ वा उभा, पॉवर पुढे. म्हटलं आता मजा. आणि दहा-बारा फेऱ्यांतच पॉवर पिटमध्ये, गाडी ठीक, इंजिन ठीक, सीटबेल्ट सुटला! कमरेचा पट्टा. तो लावेपर्यंत पाच लॅप मागे. १७ रेस, सॉफ्टवेअर, हायब्रिड, सुपरकपॅसिटर, आणि किताब कुठे गेला तर बकलात. कोल्टन हर्टा जिंकला, ओव्हलवर पहिल्यांदाच, पातो शेवटपर्यंत त्याच्यामागे होता म्हणून आमच्याकडे रडारड. पालो ११ वा येऊन चॅम्पियन, हर्टाच्या ३१ पॉइंट पुढे.

तर पाचपैकी पावणेचार. एखाद-दुसरी रेस बघून ठरवायचं असेल तर घेऊ नका, डेट्रॉइट किंवा आयोवा वाट्याला आली तर मलाच शिव्या द्याल. घ्यायचा तर पूर्ण घ्या, रेडिओसकट, आणि एक तरी रेस प्रत्यक्ष. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, सगळ्या १७ रेस फॉक्स चॅनलवर आहेत म्हणे, म्हणजे अ‍ॅपचा एक ताप कमी.

५०० ची तिकिटं परत काढलीत, पाच, सगळ्यात वरची. बाबांना फोटो पाठवला तर त्यांनी विमानाची तारीख विचारायच्या आधी विचारलं की वर जायला लिफ्ट आहे का, आणि मागून सासूबाईंचा आवाज आला, "यावेळी लोणचं स्टीलच्या डब्यात."