प्लॅटिनम की पॅलेडियम?

आवर्त सारणीच्या दहाव्या गणात पॅलेडियमच्या थेट खाली प्लॅटिनम आहे, पण इलेक्ट्रॉनांची मांडणी वेगळी. प्लॅटिनमच्या (अणुक्रमांक ७८) ५डी या उपकक्षेत (आकडा कक्षेचा, अक्षर उपकक्षेचं) ९ आणि ६एस मध्ये १ इलेक्ट्रॉन. पॅलेडियम (४६) मात्र मला जास्त भावतं: ४डी मध्ये पूर्ण १० आणि ५एस साफ रिकामं! पाचव्या आवर्तात असूनही पाचव्या कक्षेत एकही इलेक्ट्रॉन नाही. परीक्षेत बरेच जण सवयीने ४डी८ ५एस२ लिहून गुण घालवतात.

हायड्रोजन शोषण्यात पॅलेडियमचा हात कुणी धरू शकत नाही. स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट वायू ते पोटात घेतं, म्हणून हायड्रोजन शुद्ध करायला त्याचाच पातळ पडदा वापरतात. पण तीव्र नायट्रिक आम्लात ते विरघळतं. प्लॅटिनमला मात्र अम्लराजच (तीव्र हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचं मिश्रण) लागतो. वितळणबिंदूही १७६८ अंश सेल्सिअस, म्हणून प्रयोगशाळेतली मूस प्लॅटिनमची. सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचं औषधही त्याचंच संयुग.

गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) दोन्ही असतात: पेट्रोलला प्रामुख्याने पॅलेडियम, डिझेलला प्लॅटिनमवर भर. अंगठीसाठी विचाराल तर प्लॅटिनमच घ्या. घनता जवळपास पावणेदोनपट, हातात वजन लगेच जाणवतं.