खारवट जमीन: भाड्याने द्यायची का स्वतःचा सोलर प्लांट टाकायचा?

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा प्लांट उभा राहिला तेव्हापासून आपल्याकडे ज्याची बरड नाहीतर चोपण जमीन आहे तो हाच हिशोब करतोय.

भाड्याचं सोपं आहे भो. राज्य सरकारची सौर कृषी वाहिनी 2.0 योजना आहे, सोलर प्लांटसाठी जमीन भाड्याने घेणारी, तिच्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी 50 हजार, वर 3 टक्के वाढ. जिथे बाजरीचा खर्च निघत नव्हता तिथे हे बरंच म्हणायचं. पण करार 25-30 वर्षांचा, म्हणजे पोराच्या हातात जमीन येईल तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले असतील, आणि रजिस्टर करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायचीच नाही.

स्वतःचा प्लांट म्हणजे केंद्र सरकारच्या कुसुम योजनेचा घटक अ, ज्यात शेतकरी स्वतः प्लांट टाकून वीज विकतो, 500 किलोवॅट ते 2 मेगावॅट, एका मेगावॅटला साधारण 4-5 एकर लागतात आणि खर्च काही कोटींत जातो, तेवढं कर्ज बँक सहज देते का हे तुम्हीच सांगा. सबस्टेशन 5 किमीच्या आत पाहिजे. वीज युनिटवर विकायची, त्यामुळे कमाई जास्त, पण डोकेदुखी पण आपलीच. लोकांना वाटतं भुसावळसारखी गरमी म्हणजे जास्त वीज, तर तसं नाही, पॅनल 25 अंशाच्या वर तापलं की उत्पादन दर अंशाला 0.3-0.4 टक्के घसरतं, वरून धूळ, धुवायला पाणी कुठून आणायचं?

माझ्याकडे चार एकर असती तर भाड्यानेच दिली असती. विहिरीजवळचा तुकडा मात्र नाही, तिथे कापूस होतो अजून.