घरी बदललेले ब्रेक: आठ महिने, 9,000 किमी नंतर

गाडी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. 62,000 किमीला पुढचे पॅड (डिस्कवर दाबले जाणारे), दोन्ही डिस्क आणि ब्रेक ऑइल घरीच बदललं. त्यानंतर एक अख्खा पावसाळा आणि ताम्हिणी घाटाच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. परवा चाकं काढून मोजलं. नवीन पॅडवर 10 मिमी माल (घासला जाणारा थर) होता. आता डावीकडे बाहेर 8.6, आत 8.4. उजवीकडे बाहेर 8.6, आत 8.1. पॅड कुठल्या कंपनीचे यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण खरी मेख कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) गाईड पिनांत आहे, तो ज्यांवर सरकतो त्या.

जुना सेट निघाला तेव्हा बाहेरच्या पॅडवर 6 मिमी माल होता, आतल्यावर जेमतेम 2. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही आणि पिस्टनकडचा आतला पॅड एकटाच झिजतो. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर बहुधा एकच पिन अडकलेली असते. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. त्यावर भरवसा ठेवला की आतला संपलेला कळत नाही आणि डिस्क खरवडते.

पिना काढून जुनं ग्रीस ब्रेक क्लीनरने धुवायचं, भोकातलंसुद्धा. नवीन ग्रीस सिलिकॉनचंच. बेअरिंगचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा धरते. थर पातळ हवा. भोकात ठासून भरलं की पिन पूर्ण आत बसतच नाही, बाहेर ढकलली जाते. एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असेल तर ती वरची की खालची, याचा फोटो आधीच काढा. उजवीकडचा 0.5 मिमीचा फरकही तिथलाच: खालच्या पिनेचा बूट (रबरी टोपण) खाचेत नीट बसला नव्हता, पाणी शिरून ग्रीस पांढरं पडलं होतं.

डिस्कच्या काठावर किमान जाडी कोरलेली असते. त्याच्या जवळ आली असेल तर लेथवर घासून सपाट करण्यात अर्थ नाही. नवीन डिस्कवरचं तेल पुसायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. डिस्क ज्यावर बसते त्या हबचा गंज मात्र राहून जातो. तारेच्या ब्रशने हब चकचकीत केला नाही तर डिस्क किंचित तिरकी बसते. पहिल्या दिवशी काही कळत नाही. दोन-तीन हजार किमीनंतर डिस्कची जाडी कमी-जास्त होते आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. मग ‘डिस्क वाकडी निघाली’ म्हणून दुकानदाराला शिव्या! इथे अजून थरथर नाही.

पिस्टन मागे दाबताना कॅलिपरच्या ब्लीड निपलला (ऑइल बाहेर काढायच्या तोटीला) नळी लावून ते उघडायचं, म्हणजे कॅलिपरमधलं काळं ऑइल एबीएसकडे उलटं जात नाही. पिस्टन आत गेला की नळी ऑइलात बुडालेली असतानाच निपल बंद. कॅलिपर तारेने टांगा, होसवर (ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका. गाडी जॅक स्टँडवर हवी. नुसत्या जॅकवर हे काम करू नये. सगळं जोडल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं. पहिल्या दोन-तीन वेळा ते थेट खाली जातं.

नंतर नवे पॅड डिस्कवर बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 किमीवरून 15 पर्यंत दहा वेळा ब्रेक मारायचा, मध्ये थंड व्हायला वेळ देत. गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा उमटतो.

तक्रार एकच: पावसाळ्यात सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला करकर. तो डिस्कवरचा गंज, आपोआप जातो. दिवसभर किंचाळत असेल तर पॅडमागची शिम (पातळ पत्रा) बघा.

ब्रेक ऑइल डॉट 4 ग्रेडचं, संपूर्ण बदलायला एक लिटर जवळ ठेवावं. हे ऑइल ओलावा शोषतं: नव्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, ओलावा धरलेल्याचा 155 पर्यंत उतरतो. घाटात तापून ऑइल उकळतं आणि पेडल स्पंजी होतं ते यामुळेच. दोन वर्षांनी बदला, अर्धी उरलेली बाटली वापरू नका, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

मागचे लायनर (ड्रमच्या आतून घासणारे) अजून जुनेच आहेत. ड्रम निघत नसेल तर हातोडा नको. बहुतेक ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात 8 मिमीचे बोल्ट आलटून-पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळले की ड्रम सुटतो. हँडब्रेक तेवढा आधी सोडा.