केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटात गेलेले ४३,६४० रुपये

केदारनाथला जायचं ठरवलं असेल तर हे वाचा, आणि घरात ज्याच्याकडे बुकिंगचं काम आहे त्याला आधी वाचायला द्या. हेलिकॉप्टरची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा पोर्टलवरच मिळतात. व्हॉट्सॲपवर मिळत नाहीत. कुणी कितीही गोड बोलून "कोट्यातून देतो" म्हणालं तरी मिळत नाहीत.

आमचे ४३,६४० रुपये गेले. आई, दादा, आमचे हे आणि मी, अशी चार माणसं. आईचं वय ७२, दोन्ही गुडघे गेलेले. गौरीकुंडापासून वर १६ किलोमीटरची चढण तिच्याच्याने होणार नव्हती आणि घोड्यावर बसवून तिला त्या कड्यावरून न्यायची माझी हिंमत नव्हती. बाबा गेल्यापासून तिने एवढी एकच इच्छा बोलून दाखवली होती. म्हणून हेलिकॉप्टर. हौस म्हणून नव्हे, हे मुद्दाम सांगते, कारण नातेवाइकांनी तेही ऐकवलं.

अधिकृत पोर्टलवर मे महिन्याची तिकिटं सुटली आणि बघता बघता संपली. मग मी शोधलं. सगळ्यात वर जी वेबसाइट आली तिच्यावर मंदिराचा फोटो, सरकारी बोधचिन्ह, फाटा, सिरसी आणि गुप्तकाशी अशी तिन्ही हेलिपॅडची नावं, खाली व्हॉट्सॲपचं बटण. वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, म्हणजे पैसे भरून केलेली जाहिरात. चोराकडून जाहिरातीचे पैसे घेऊन त्याला पहिल्या नंबरवर बसवतात आणि फसलेल्या माणसाला वर विचारतात, "तुम्ही नीट बघितलं नाही का?"

फोनवरचा माणूस अदबीने बोलायचा. "माताजी को आगे की सीट दे देंगे." चौघांची आधार कार्डं मागितली, प्रत्येकाचं वजन विचारलं. खऱ्या बुकिंगलाही वजन लागतं, ते मला माहीत होतं, म्हणून विश्वास बसला. भाडंही खऱ्यासारखंच: फाट्याहून जाऊन-येऊन माणशी ६,०६०. निम्म्या किमतीत देतो म्हणाला असता तर मी तिथेच फोन ठेवला असता. चौघांचे २४,२४० पाठवले. मग विमा, "यात्रेनंतर परत मिळेल", माणशी ३,००० प्रमाणे १२,०००. मग ऑक्सिजन किट आणि वैद्यकीय तपासणी, माणशी १,८५०, म्हणजे ७,४००.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजूनही रात्री झोप उडते. उत्तराखंड सरकारची यात्रा नोंदणी आम्ही आधीच केली होती. ती फुकट असते आणि सगळ्यांना सक्तीची आहे. तो कागद छापून माझ्या समोर टेबलावर ठेवलेला होता. मी स्वतःहून म्हटलं, "रजिस्ट्रेशन नंबर लिहून घ्या." तो म्हणाला, "उसकी अभी ज़रूरत नहीं, मॅडम." खऱ्या पोर्टलवर त्या नंबराशिवाय बुकिंग पुढेच सरकत नाही! तिथेच ओळखायला हवं होतं. आणि पैसे पाठवताना यूपीआयच्या पडद्यावर हेलिकॉप्टर कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्याशा ट्रेडर्सचं होतं. मी विचारलंही. "सीझनमध्ये कंपनीच्या खात्याची लिमिट संपते, हे आमचं दुसरं खातं." दुकानाचे हिशेब मी रोज करते, व्यापारी दोन-दोन खाती ठेवतात हे मी रोज बघते. मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

पडद्यावर दिसणारं नाव वाचा. नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, समोरचा काहीही समजावो.

फाट्याला काउंटरवरच्या मुलाने आमच्या तिकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि मशीन माझ्याकडे वळवून दाखवलं. कोडमध्ये फक्त आमची चार नावं टाइप केलेली होती. पीएनआर नाही, काही नाही. "ये हमारा टिकट नहीं है." मागे एक गुजराती कुटुंब उभं होतं, त्यांच्या हातात अगदी तसलाच कागद. आई विचारत होती, "काय गं, उशीर आहे का?"

आईला वर नेता आलं नाही. ऊखीमठला नेलं, हिवाळ्यात केदारनाथाची पूजा जिथे होते त्या ओंकारेश्वराच्या देवळात. दर्शन छान झालं. पण ती ज्यासाठी आली होती ते हे नव्हे, आणि ते ती बोलत नाही म्हणून जास्त लागतं.

तिथल्या चौकीत म्हणाले, पैसे जिथून पाठवले तिथे तक्रार करा. गावी आल्यावर पोलीस ठाण्यात म्हणाले, गुन्हा तिकडचा, तिकडे जा. नव्या कायद्यात गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, हे मी त्यांना छापील दाखवलं. "साहेब आल्यावर बघू." साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेले तर साहेब रजेवर. एका हवालदाराने तर विचारलं, "एवढी शिकलेली बाई, पैसे पाठवलेच कसे?" मी चोर पकडायला सांगायला गेले होते, परीक्षा द्यायला नाही. बँकेने हात वर केले: पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा. त्या ट्रेडर्सच्या खात्यात २,१०० रुपये उरले होते, तेवढे गोठवले. ते हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाची फी त्याहून जास्त. आणि ते खातं कुठल्या ना कुठल्या बँकेनेच कागदपत्रं तपासून उघडून दिलं ना? त्याचा जाब कोण विचारणार? उत्तराखंड पोलिसांनी बनावट हेलिकॉप्टर साइट बंद केल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. एक बंद झाली की तोच फोटो घेऊन दुसरी उघडते.

पैसे गेल्याचं कळताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. त्याच मिनिटाला, घरी पोहोचल्यावर नाही. पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तरच अडवता येतात. आम्हाला कळलं तेव्हा आठवडे उलटून गेले होते. चॅट पुसू नका, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. तिकीट हातात आलं की यात्रेला निघायच्या आधीच पीएनआर अधिकृत पोर्टलवर तपासा. "परत मिळणारा विमा" हे शब्द ऐकले की फोन ठेवा. भक्तनिवासाच्या खोल्या, व्हीआयपी दर्शन, घरपोच प्रसाद यांच्या नावानेही हेच चालतं. संस्थानच्या ऑफिसला फोन लावल्याशिवाय रुपया पाठवू नका, आणि तो नंबर शोधून पहिला दिसेल तो घेऊ नका.

आमच्या चौघांची आधार कार्डं अजून त्या माणसाकडे आहेत. आम्ही सगळ्यांचं बायोमेट्रिक लॉक केलं, आधारच्या ॲपवरून होतं. तुम्ही कुणा एजंटला कार्डाचे फोटो पाठवले असतील तर आजच करा.