क्यूटी डिझायनरमधलं ‘प्रमोट टू’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

क्यूटी डिझायनर म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या माउसने मांडायचं साधन. त्यात फॉर्मवर ठेवलेलं साधं विजेट (बटण, रकाना असा खिडकीचा एक भाग) आपण लिहिलेल्या क्लासला जोडायचं असेल, तर ‘प्रमोट टू’ ही सोय आहे. आठ महिने पायथनमध्ये, क्यूटी पायथनमधून वापरू देणाऱ्या पायक्यूटी आणि पायसाइड या दोन्ही लायब्ररींबरोबर वापरून झाली. सोय उपयोगी आहे, सोडवणार नाही. पण ती पडद्यामागे काय करते ते माहीत नसेल, तर तिच्या चुका शोधताना दिवस जातो.

करते एवढंच की तीन नावं लिहून ठेवते. डिझायनर फॉर्म ज्या यूआय फाइलमध्ये साठवतो, ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. शेवटाकडे ‘कस्टमविजेट्स’ असा भाग दिसेल आणि त्यात क्लास, एक्स्टेंड्स, हेडर. डिझायनर आपला कोड उघडूनही बघत नाही. स्पेलिंग चुकलं तरी तिथे सगळं सुरळीत दिसतं. चूक कळते ती प्रोग्रॅम चालवल्यावर.

समजा, क्यूविजेटवरून (क्यूटीच्या विजेट्सचा मूळ क्लास) काढलेला, मूल्य दाखवणारा ‘गेज’ क्लास ‘विजेट्स’ फोल्डरमधल्या ‘गेज’ मॉड्यूलमध्ये आहे. फॉर्मवर रिकामं विजेट ओढा, राइट क्लिक करून ‘प्रमोट टू’ घ्या. बेस क्लास क्यूविजेट, प्रमोटेड क्लासचं नाव गेज. हेडर फाइलच्या रकान्यात डिझायनर आपणहून ‘गेज डॉट एच’ भरतो. ते पुसून ‘विजेट्स डॉट गेज’ लिहायचं, म्हणजे इम्पोर्टमध्ये लिहितो तसंच. पुसायचं राहिलं तर फोल्डरचं नाव गळतं आणि मॉड्यूल सापडत नाही अशी एरर येते. मग आधी ‘ॲड’, नंतर ‘प्रमोट’.

सगळ्यात जास्त घोळ कन्स्ट्रक्टरमध्ये होतो. यूआय फाइलवरून (पीवाययूआयसीसारख्या साधनाने) तयार होणारा कोड आपल्या क्लासला फक्त पेरेंट, म्हणजे ज्याच्या आत तो बसतो ते विजेट देतो, दुसरं काही नाही. किमान-कमाल मूल्यं सक्तीची ठेवली असतील तर लगेच टाइपएरर येते, ते परवडलं. वाईट प्रकार वेगळा: पहिला पॅरामीटर ‘कमाल’ असेल आणि त्याला डीफॉल्ट किंमत दिलेली असेल, तर पायसाइडच्या कोडमध्ये पेरेंट विजेटच कमाल मूल्य म्हणून जाऊन बसतं. एरर उगवते थेट पेंट इव्हेंटमध्ये, भागाकार करताना, आणि आपण गणित तपासत बसतो. म्हणून पहिला पॅरामीटर पेरेंट, डीफॉल्ट ‘नन’. त्याचं नावही ‘पेरेंट’च असू द्या, कारण पायक्यूटी ६ मध्ये तयार होणारा कोड ते नावानिशी पाठवतो. सुपरच्या इनिटलाही तो पुढे द्या. बाकी मूल्यं सेटअपयूआय (फॉर्म उभा करणारी मेथड) झाल्यावर वेगळ्या मेथडने भरा.

पायसाइडमध्ये कोड तयार न करता क्यूयूआयलोडरने यूआय फाइल थेट लोड करत असाल, तर लोड करण्याआधी त्याला आपला क्लास कळवायला रजिस्टरकस्टमविजेट बोलवावं लागतं. ते राहिलं तरी प्रोग्रॅम एरर देऊन थांबत नाही. टर्मिनलवर एक सूचना येते आणि गेजच्या जागी नुसतं क्यूविजेट बसतं. रिकामी चौकट दिसली की आधी टर्मिनल वाचा.

डिझायनरच्या फॉर्मवर गेज दिसतच नाही, राखाडी चौकोन दिसतो. खरं चित्र हवं असेल तर प्लगइन लिहावं लागतं. एखाद-दोन विजेट्ससाठी तो खटाटोप नको. त्यापेक्षा प्रॉपर्टी एडिटरमधल्या अधिकच्या चिन्हाने डायनॅमिक प्रॉपर्टी जोडा आणि क्लासमध्ये त्याच नावाची क्यूटी प्रॉपर्टी जाहीर करा. मग तिथे भरलेली किंमत आपल्या सेटरपर्यंत पोचते. पायथनची साधी प्रॉपर्टी इथे चालत नाही.

क्यूविजेटवरून काढलेल्या क्लासला स्टाइलशीटमधला बॅकग्राउंड रंग लागत नसेल, तर ‘स्टाइल्ड बॅकग्राउंड’ हा ॲट्रिब्यूट चालू करा.

क्लासचं नाव बदलताना एडिटरच्या रीनेमवर भिस्त ठेवू नका, तो पायथनच्या फाइली बदलतो आणि यूआय फाइल तशीच सोडतो. जुनं नाव अख्ख्या प्रोजेक्टमध्ये शोधा, यूआय फाइली धरून, आणि मग पीवाययूआयसी पुन्हा चालवा.