जलरंग, तैलरंग की ॲक्रिलिक?

रंगांच्या दुकानात विचारलं की हमखास उत्तर मिळतं, "जलरंगापासून सुरू करा, सोपे असतात." सुरुवात स्वस्तात होते, एवढं खरं. सोपे मात्र मुळीच नाहीत. त्यापेक्षा स्वतःला विचारा, एखाद्या दृश्यापाशी पाय थबकतात ते कशामुळे? उन्हामुळे, रंगामुळे, की भिंतीच्या पोपड्यामुळे?

ऊन ओढत असेल तर जलरंग. इथे पांढरा म्हणजे कागदच. उजेड रंगाच्या पातळ थरातून कागदापर्यंत जातो आणि तिथून परततो. म्हणून उजेडाची जागा आधीच हेरून कोरी सोडायची. एकदा झाकली की पूर्वीसारखी मिळत नाही. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिव्यापुढे धरलेल्या तळहाताच्या बोटांतून उजेड पाझरतो. पाहणाऱ्याला तैलचित्र वाटावं, पण आहेत जलरंग! जलरंगाला पोतही असतो. अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगाचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि पावसाळी आभाळ आपसूक दाणेदार होतं. फक्त त्यावर तुमची हुकमत चालत नाही. खर्च करायचाच तर कागदावर करा: ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), कापसाचा. पातळ कागद पाणी लागताच फुगतो आणि दोष हाताला लागतो.

कातळ, जांभा, शेवाळलेली भिंत यांचा खडबडीतपणा हवा असेल तर तैलरंगाला तोड नाही. पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या बोथट सुरीने, लावलेला जाड रंग स्वतःची सावली पाडतो. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतं. त्यामुळे खरवडायला, बदलायला भरपूर सवड मिळते. आणि प्रकाश काय फक्त जलरंगाची मक्तेदारी आहे? अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि नाइफने रंग चढवत, काढत. त्यांच्या कॅनव्हासवर उजेड थरांच्या आतून वर येतो. नियम एकच: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलट केलंत तर पुढे तडे जातात.

ॲक्रिलिकबद्दल मला फारसं प्रेम नाही, पण सपाट, ठसठशीत रंग हवे असतील तर ते कामाचं. पाण्यात मिसळतं, तैलरंगासारखा टर्पेंटाइनचा वास नाही, त्यामुळे छोट्या फ्लॅटमध्ये घरच्यांची कुरकुर नाही. एप्रिलमध्ये मात्र पॅलेटवरच सुकतं. शिवाय सुकल्यावर थोडं गडद होतं, तर जलरंग फिका पडतो. छटा जुळवताना दोन्हीकडे हा हिशेब धरावा लागतो.

कोकणात राहत असाल तर आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात कागद तासन्‌तास ओला राहतो. ओल्या कागदावरच ओला रंग सोडणाऱ्याला ती पर्वणी, पण धारदार कडा हवी असेल तर वाट पाहून जीव जातो. बुरशी कागदालाही लागते आणि कॅनव्हासलाही, तेव्हा काहीही निवडा, चित्र ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नका.

अजूनही ठरत नसेल तर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन या दोनच ट्यूब जलरंगात घ्या, चांगल्या कागदाचे चार ताव घ्या आणि सकाळच्या उन्हात घरासमोरची भिंत रंगवा. कोरी जागा राखताना मजा आली तर तिथेच थांबा. ती भिंत बोटांनी चाचपून पाहावीशी वाटली तर तैलरंगाचे पैसे जमवायला लागा.